युवा शिबिराच्या सेवकगटात पहिल्यांदा जाताना

उन्हाळ्याची सुट्टी लागली की जालना, छत्रपती संभाजीनगर, बीड, परभणी, लातूर इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) युवा शिबिरांची धावपळ सुरू होते. शिबिर चालवणाऱ्या सेवकगटात दरवर्षी नवी मुलं-मुली येतात. कुणी नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली असते, कुणी नर्सिंगला असतं, कुणी एमआयडीसीत कामाला लागलेलं असतं. मंडळीच्या पाळकसाहेबांनी (पाद्रींनी) तुमचं नाव दिलंय, सेवक प्रशिक्षणाला जायचंय, पण तिथं नेमकं काय असतं हे कुणी नीट सांगितलेलं नाही, असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

प्रशिक्षणात खेळ कसे घ्यायचे, वचन (बायबलमधला भाग) कसं सांगायचं, गाणी कशी बसवायची हे शिकवतात आणि ते लागतंच. पण शिबिराला आलेलं लेकरू तुमचं वचन ऐकायच्या कितीतरी आधी तुम्हाला एकमेकांशी वागताना बघत असतं. पाण्याचा जार कोण उचलतं, स्वयंपाकाच्या मावशींशी कोण कसं बोलतं, माईक बंद पडल्यावर कोण कुणावर डाफरतं, यातलं काही त्याच्या नजरेतून सुटत नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने शिष्यांना हेच सांगितलं होतं, की तुमच्या एकमेकांवरच्या प्रीतीवरून लोक तुम्हाला माझे शिष्य म्हणून ओळखतील (योहान १३:३५). म्हणून प्रशिक्षणाचे दिवस मी शिबिराचेच दिवस धरते. लेकरं यायच्या आधी सेवकांचं एकमेकांशी जुळलं नाही, तर पुढं कितीही चांगला कार्यक्रम आखला तरी ते झाकून राहत नाही.

निघण्याआधी

घरी नीट बोला. नुसतं ‘शिबिराला चाललो’ म्हणणं पुरत नाही. कुठं राहणार, मुलींची झोपायची सोय कुठं, रात्री कोण जबाबदार असणार, प्रमुख ताईंचा किंवा पाळकबाईंचा नंबर कोणता, हे घरच्यांना लिहून द्या. मुलींच्या घरून तर हे विचारतातच, आणि विचारायलाच हवं. तुमचं वय अठराच्या आत असेल तर पालकांची सही असलेलं संमतिपत्र लागेल.

मे महिन्याच्या उन्हात शिबिर कशाला, असा प्रश्न नवे लोक हमखास विचारतात. बीड, धाराशिव, जालना भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. दिवाळीच्या सुट्टीत शिबिर ठेवलं तर नेमकी हीच लेकरं राहून जातात. त्यांच्यासाठी ऊन सोसायचं असतं, हे मनात ठेवून या.

सोबत पवित्र शास्त्र (बायबल), वही-पेन, सुती कपडे, टोपी किंवा मोठा रुमाल, बॅटरी, पाण्याची बाटली, अंथरूण-पांघरूण आणि स्वतःची औषधं घ्या. येण्याआधी मार्ककृत शुभवर्तमान पूर्ण वाचून काढा. १६ अध्यायच आहेत, दोन-तीन बैठकांत होतात. शिवाय निर्गम या पुस्तकाचा १८वा आणि नहेम्याच्या पुस्तकाचा ३रा अध्याय वाचा. या दोन अध्यायांवर पहिल्या दिवशी बराच वेळ जाईल.

कामं वाटून घेताना

निर्गमच्या १८व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसायचा. सासरा इथ्रो भेटायला आला, त्यानं ते पाहिलं आणि सरळ सांगितलं, हे काही बरं नाही, तूही थकशील आणि हे लोकही थकतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमले गेले. इस्राएलाला मिसर देशातून बाहेर काढणाऱ्या मोशेलाही कुणीतरी ‘एकट्याचं काम नाही हे’ म्हणावं लागलं आणि त्यानं ते ऐकलं. शिबिरप्रमुख म्हणून जे लोक सगळं स्वतःच्याच डोक्यावर घेतात त्यांनी हा अध्याय दरवर्षी वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे दहा लेकरांमागे दोन सेवक, असा हिशोब ठेवावा. एक जुना, एक नवा. येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं (मार्क ६:७), त्यामागचं शहाणपण शिबिरात लगेच कळतं. एक बोलत असताना दुसऱ्याचं लक्ष त्या कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलाकडे जातं.

नहेम्याचा ३रा अध्याय बहुतेक जण वरवर चाळतात, कारण त्यात नावांची नुसती यादी दिसते. यरुशलेमचा कोट कोणी कुठवर बांधला, त्याची ही नोंद आहे. ती मोठ्यानं वाचा. त्यात याजक आहेत, सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं करणारे आहेत. शल्लूम आणि त्याच्या मुली आहेत. कितीतरी जण आपापल्या घरासमोरचाच भाग बांधताहेत. आणि त्याच यादीत अशीही नोंद आहे की तकोवा गावच्या बड्या लोकांनी या कामाला खांदा लावला नाही. काम ५२ दिवसांत पुरं झालं (नहेम्या ६:१५). कोणी काय केलं आणि कोणी नाही केलं, ते शेकडो वर्षांनी आपण वाचतो आहोत. पाट्या वाहणाऱ्या गटाला ही यादी फार जवळची वाटते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

नव्या सेवकाला बहुतेक वेळा गाणी किंवा स्टेजवरचं काम हवं असतं. माझा सल्ला असा, की पहिल्या वर्षी पाणी किंवा स्वयंपाकघर मागून घ्या. मराठवाड्यात मे महिन्यात पाणी हे स्वतंत्र खातं असतं. टँकरवाल्या भाऊंना आदल्या संध्याकाळी फोन करायचा, टाकी किती भरली ते शिडीवर चढून स्वतः बघायचं, प्यायचं पाणी वेगळं झाकून ठेवायचं, त्यात कुणी हात बुडवू नये म्हणून लांब दांड्याचं ओगराळं ठेवायचं, आणि सकाळी पाचला उठून बादल्या भरल्यात की नाही ते पाहायचं. हे ज्यानं केलं त्याला शिबिर कळलं.

स्वयंपाकघराचंही तसंच. एका प्रशिक्षणात संध्याकाळी तांदूळ निवडायला दोघी-तिघीच बसल्या होत्या, बाकी सगळे ढोलकीभोवती. मुख्य वक्ते म्हणून आलेले वयस्कर पाळकसाहेब आतून आले, चष्मा पुसला, परात पुढ्यात ओढली आणि मांडी घालून निवडायला बसले. कुणाला काही म्हणाले नाहीत. खडा सापडला की अंगठ्याच्या नखानं बाजूला सारायचे आणि शेजारच्या मुलीला तिच्या कॉलेजचं विचारायचे. हळूहळू ढोलकीजवळचे एकेक जण उठून आले आणि थोड्याच वेळात परातीभोवती जागा उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी योहानाचा १३वा अध्याय घेतला, जिथं येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. त्या दिवशी वचन समजावून सांगायची त्यांना फारशी गरज पडली नाही.

वेगवेगळ्या मंडळ्यांचे लोक एकत्र प्रार्थना करताना

मराठवाड्यातल्या गटात हे हमखास येतं. कुणी उत्तर भारतीय मंडळीचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं), कुणी मेथडिस्ट, कुणी कॅथलिक, कुणी पेंटेकॉस्टल. कुणी हात वर करून मोठ्यानं प्रार्थना करतं, कुणी डोळे मिटून गप्प बसतं, कुणाला छापील प्रार्थनेशिवाय चैन पडत नाही. पहिल्या सकाळी नव्यांची चलबिचल होते. ‘यांचं खरं, की आपलं?’

पहिल्याच दिवशी यावर उघड बोला आणि ठरवून टाका. सकाळची वैयक्तिक शांत वेळ ज्याची त्यानं आपल्या पद्धतीनं. सगळ्यांची मिळून प्रार्थना असेल तेव्हा एक जण पुढं होऊन मराठीत, सर्वांना ‘आमेन’ म्हणता येईल अशी करेल. दररोज वेगळ्या मंडळीचा माणूस पुढं होईल. कुणाच्या पद्धतीवर टिप्पणी नाही, लेकरांसमोर तर मुळीच नाही. बाप्तिस्मा, पवित्र आत्म्याची दानं, मरियेचा मान, यांवर मतभेद आहेत आणि ते खरे आहेत. त्यावर बोलायचंच असेल तर शिबिरानंतर आपापल्या पाळकांकडे बोलावं. शिबिरात लेकरांना त्यात ओढू नये.

हे जमतं का? १९७० साली नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी झाली. त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरेन होते. बिशपची व्यवस्था मानणारे आणि न मानणारे, बालकांचा बाप्तिस्मा करणारे आणि न करणारे एका मंडळीत आले. त्यामागं कित्येक दशकांची बोलणी होती. आपल्याला तर फक्त आठवडाभर एकत्र काम करायचंय.

गाण्यांच्या बाबतीत एक आग्रह धरते. सगळी गाणी हिंदी किंवा इंग्रजी बँडच्या चालीवर घेऊ नका. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) मराठी ख्रिस्ती भक्तीला भजनाची आणि अभंगाची वाट करून दिली. ढोलकी, टाळ आणि पेटी एवढ्यावर वाड्या-वस्त्यांवरची लेकरं ती गाणी उचलतात, घरी जाऊन आजीबरोबर म्हणतात. वीज गेली तरी गाणं थांबत नाही, हाही फायदा आहेच.

दोरीचा खेळ, आणि खेळानंतरचं बोलणं

प्रशिक्षणात एकमेकांवर विश्वास बसावा म्हणून खेळ घेतात. माझ्या अनुभवात सगळ्यांत उपयोगी पडणारा खेळ दोरीचा. आठ-दहा जणांच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचे, त्यांच्या हातात एक लांब दोरी द्यायची आणि तिचा चौकोन करायला सांगायचं. दोरी सोडायची नाही. वेळ पंधरा मिनिटं.

पहिली पाच मिनिटं सगळेच ओरडतात. मग एकदोन दणदणीत आवाजाचे लोक ताबा घेतात. चौकोन बहुधा वाकडाच होतो. खेळ संपल्यावर लगेच उठून चहाला जाऊ नका, खरं काम आता आहे. गोल बसा आणि प्रत्येकाला विचारा: तुम्हाला काही सुचलं होतं का? ते बोललात का? नसेल तर का नाही? जवळजवळ प्रत्येक गटात एखादी मुलगी किंवा एखादा खेड्यातून आलेला मुलगा असतो, ज्याला आधी कोपरे मोजून माणसं उभी करायचं सुचलेलं असतं. तो म्हणतो, ‘म्या सांगितलं होतं, पण कुणी ऐकलं नाही.’ अशा वेळी १ करिंथकरांस पत्राचा १२वा अध्याय उघडा. पौल तिथं म्हणतो, शरीराचे जे अवयव कमजोर वाटतात तेच जास्त गरजेचे असतात, आणि डोळ्यानं हाताला ‘तुझी गरज नाही’ म्हणायचं नसतं. शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकलेल्यांनी आणि माईकची सवय असलेल्यांनी हे ऐकताना मान खाली घालू नये. पुढच्या बैठकीत आपण बोलायच्या आधी दुसऱ्या दोघांना विचारायचं, एवढं करावं.

खटके उडाल्यावर

उडणारच. ऊन, अपुरी झोप, ऐनवेळी बदललेला कार्यक्रम, यात चांगली माणसंही एकमेकांवर चिडतात. भांडण झालं म्हणून तुमचा विश्वास कच्चा आहे असं समजू नका. त्यानंतर तुम्ही काय करता, ते महत्त्वाचं.

मत्तय १८:१५ मध्ये येशूने क्रम दिलाय. भावानं अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकट्यानं जा. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत घे. त्याउपर मंडळीला सांग. आपण बहुतेक वेळा उलटा क्रम लावतो. आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर, मग चार जणांच्या कानात, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सगळ्यांत शेवटी. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी नियम करा, की सेवकगटाच्या ग्रुपवर फक्त वेळा, सामान आणि निरोप. कुणाच्या वागण्याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

बोलायला जाताना काय म्हणायचं, हेही आधी ठरवून जा. ‘तू नेहमी असंच करतोस’ म्हणाल तर भांडण वाढेल. ‘दादा, सकाळी गाण्याच्या वेळी तू लेकरांसमोर मला थांबवलंस, ते मला लागलं. पुढच्या वेळी बाजूला घेऊन सांगशील का?’ एवढंच बोला. मग त्याचं ऐका. कदाचित त्याचीही बाजू असेल. मोठ्या माणसाशी बोलायचं असेल, पाळकसाहेबांशी किंवा प्रमुख ताईंशी, तर ते ओशाळतील म्हणून गप्प बसू नका. नम्रपणे, एकांतात, आदर ठेवून बोला. आणि तुम्हीच प्रमुख असाल तर नव्यानं येऊन सांगितलेलं निमूट ऐकून घ्या.

रात्रीचा आढावा याचसाठी असतो. लेकरं झोपली की सेवकगट सतरंजीवर बसतो, अर्धा तास, त्याहून जास्त नाही. आज काय चांगलं झालं, काय अडलं, उद्या कुणाला मदत हवी. शेवटी ज्यांच्यात काही झालं असेल त्यांनी झोपायच्या आधी मिटवावं. सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका असं इफिसकरांस पत्रात लिहिलंय, आपल्याकडे सूर्य मावळतो तेव्हा संध्याकाळचं सत्र चालू असतं, तेव्हा आढाव्याची वेळ तरी चुकवू नका.

सगळंच मिटतं असंही नाही. पौल आणि बर्णबा, दोघंही मोठे प्रेषित. मार्कला बरोबर न्यायचं की नाही यावरून त्यांचं इतकं बिनसलं की दोघं वेगवेगळ्या वाटांनी गेले (प्रेषितांची कृत्ये १५). मार्क आधी पंफुल्यात काम सोडून परत गेला होता, म्हणून पौलाचा विरोध होता. बर्णबानं त्याला जवळ केलं. आणि पुढं तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात तोच पौल तीमथ्याला सांगतो, येताना मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). गेल्या वर्षी अर्ध्यातून निघून गेलेला मुलगा यंदा परत आला तर त्याला बर्णबासारखं जवळ करणारं कुणीतरी गटात असलंच पाहिजे.

लेकरांची सुरक्षितता

इथं तडजोड नाही.

कोणत्याही सेवकानं कोणत्याही लेकराबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही. एकट्यानं बोलायचं असेल तर सगळ्यांना दिसेल अशा जागी. मुलींच्या झोपण्याच्या खोलीत फक्त महिला सेवक. पालकांच्या संमतीशिवाय फोटो कुठंही टाकायचे नाहीत. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ सालचा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं हे कायद्यानं बंधनकारक आहे. ‘मंडळीचं नाव खराब होईल’ म्हणून दाबणं हा गुन्हा आहे आणि पापही. लेकरानं विश्वासानं काही सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तू सांगितलंस हे फार चांगलं केलंस, तुला मदत करू शकतील अशा मोठ्यांनाच मी सांगेन’ असं म्हणा. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

उन्हाचं: सकाळी अकरा ते दुपारी चार मैदानी खेळ नाहीत. घरगुती जलसंजीवनी सगळ्यांना करता आली पाहिजे: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लेकरू बडबडायला लागलं, भांबावलं, अंग तापलं, तर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. जमिनीवर झोपत असाल तर सकाळी अंथरूण आणि बूट झटकल्याशिवाय हात-पाय घालू नका. विंचू-साप आपल्याकडे आहेतच. साप चावला तर चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिकाकडे नेणं यातलं काही नाही. लेकराला हलू न देता सरळ दवाखान्यात.

साक्ष देताना

साक्ष, म्हणजे देवाबद्दलचा स्वतःचा अनुभव, पाच मिनिटांत बसवा आणि खरी ठेवा. वाईट दिवस होते ते फार काळे आणि आता सगळं उजळ, असं रंगवू नका. ‘प्रार्थना केली म्हणून पास झालो’ असं म्हणाल, तर समोर बसलेलं नापास झालेलं लेकरू काय समजेल, याचा विचार करा. आपल्या शिबिरात अशी मुलं येतात ज्यांच्या घरी दुष्काळानं, कर्जानं माणूस गेलेलं आहे. त्यांच्यासमोर ‘विश्वास असता तर हे घडलं नसतं’ असा अर्थ निघेल असं चुकूनही बोलू नका. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू आधी रडला, हे विसरू नका. फार खचलेलं लेकरू दिसलं तर प्रार्थनेबरोबर प्रमुखांना सांगा, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

आणखी एक. रात्रीच्या सत्रात भावना भरून आलेल्या असताना ‘आत्ताच निर्णय घे’ असा दबाव टाकू नका. घरचे कोणत्या धर्माचे आहेत याचा मान ठेवा. लेकराचा निर्णय त्याच्या वेळेनं आणि पालकांना माहीत असताना व्हावा.

स्वतःच थकल्यावर

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बऱ्याच नव्या सेवकांना वाटतं, मी दुसऱ्यांना देवाबद्दल सांगतोय आणि माझी स्वतःची प्रार्थनाच होत नाहीये. घाबरू नका. १ राजे १९ वाचा. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून ‘आता पुरे’ म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला आधी उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. मोठा प्रश्न नंतर येतो. म्हणून आपल्या जोडीदाराला सांगा, ‘आज दुपारी दोन तास मला झोपू दे.’ जोडीदारानं कामं सांभाळावीत, हेही त्याच्या सेवेतच येतं. अमालेकाबरोबरच्या लढाईत मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी ते दोन्ही बाजूंनी धरून ठेवले (निर्गम १७).

शिबिर संपल्यावर

लेकरं गेली की सेवकही पांगतात, तसं करू नका. उसनी आणलेली पातेली घासून, मोजून ज्याची त्याला परत द्या. जागा आधी होती त्यापेक्षा स्वच्छ ठेवा. हिशोब दोघांच्या सह्यांनी त्याच आठवड्यात पाळकसाहेबांकडे द्या, पावत्या जोडून. आपल्या गटातल्या लेकरांची नावं त्यांच्या मंडळीच्या संडे स्कूलच्या बाईंना कळवा, ज्यांच्याकडे लक्ष द्यायला हवं ती वेगळी सांगा. आणि एका वहीत लिहून ठेवा: पाणी किती लागलं, टँकर कितीला पडला, कोणतं गाणं लेकरांना आवडलं, कोणता खेळ फसला, कोणत्या दोघांची जोडी छान जमली. ती वही पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी नव्या पाणीवाल्याच्या हातात द्यायची आहे.